पाना कुठे थांबतो

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून परिचारिकांच्या मोटरसायकली आपल्याकडे. शटर वर करायच्या आधीच दारात रांग लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी वन्सं. नणंद म्हणून घरी येतात तेव्हा पाय वर घेऊन ऐसपैस बसतात. आज आरोग्य केंद्राच्या मोठ्या बाई म्हणून आल्या होत्या, त्यामुळे उभ्याच राहिल्या. त्यांच्या हाताखालच्या मुली डोंगरातल्या वस्त्यांवर औषधं घेऊन जातात. आतापर्यंत या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपकडे जायच्या आणि तिथे आठवडा आठवडा पडून राहायच्या. वन्संनी आमच्यासाठी शब्द टाकला.

निघताना म्हणाल्या, "इंजिन आवाज करो नाहीतर गाणं म्हणो. माझ्या पोरी उतारावरून खाली येतात. ब्रेक आणि चाकं, एवढं मला पक्कं हवंय."

मी म्हटलं, काळजी सोडा. उस्ताद दाराकडे बघत होते. नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात. तोंडावर मी 'अहो' म्हणते, पण 'अहो' लिहायचं कसं, म्हणून इथे उस्तादच.

कामासाठी हत्यारांचा नवा संचही आणला. ही सूचना त्यांचीच. हिवाळ्यापासून जुने पाने नटावरून सरकतात म्हणत होते. जुन्यांची तोंडं खरंच फाकली आहेत, काही तर पत्र्यासारखे वाटतात हातात. हत्यारांच्या दुकानदाराला आम्ही थंडोबा म्हणतो. आग लागली तरी आधी चष्मा पुसेल असा माणूस. उस्तादांनी एकेक पाना उचलून जोखला, डाव्या हातात, उजव्या हातात, पुन्हा डाव्या. तेवढा वेळ थंडोबा नुसता बघत उभा. मला वाटलं, गिऱ्हाईक असं पारखून घेतंय याचा त्याला राग आला असावा.

कामाची वाटणी नेहमीचीच. धुणं, तेल, चेन, सुटे भाग आणि बिलं माझी. इंजिन, ब्रेक आणि चाकं त्यांची.

रविवार, ९ फेब्रुवारी

वन्संनी जेवायला बोलावलं होतं. उस्ताद आले नाहीत, डोकं दुखतं म्हणाले. मी निघाले तेव्हा रेडिओ ऐकत मजेत बसले होते. गेल्या वेळीही असंच काहीतरी निघालं होतं. भावाबहिणीत नक्की काहीतरी बिनसलंय. वन्संना विचारलं तर म्हणाल्या, मी काय केलंय ते त्यालाच विचार, समोर आला की हात खिशात घालून दाराकडे बघत असतो.

परत आले तर कॉफीची बरणी ओट्यावर तशीच बंद. झाकण निघेना म्हणून बिनकॉफीचे बसले होते. मी एका हिसक्यात काढलं. म्हणाले, बनवणाऱ्याने रॅचेट लावून आवळलं असणार. दोघंही खूप हसलो. माझ्या मनगटात जोर आहे हे बाकी खरं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नवा रिंग पाना सरकला. एका परिचारिकेच्या गाडीच्या इंजिनाचा बोल्ट होता. कोपरे गोल होऊन बोल्ट लाडवासारखा झाला आणि उस्तादांच्या बोटांची सालं निघाली. त्यांनी पाना भिंतीवर फेकला. इतकी वर्षं संसार केला, या माणसाने हत्यार फेकलेलं कधी पाहिलं नव्हतं. हत्यार जमिनीवरही ठेवू देत नाहीत, फडक्यावर ठेव म्हणतात.

मी तशीच पाना घेऊन थंडोबाकडे गेले. त्याने पान्याच्या तोंडाचं माप घेतलं. मग व्हाइसच्या लोखंडी जबड्यात नट पकडला, पाना बसवला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढला. पाना हलला नाही, नटावर ओरखडाही नाही. मी म्हटलं, इथे शहाण्यासारखा वागतोय, आमच्याकडे नाही वागत.

त्याने विचारलं, "वहिनी, चालवला कोणी होता?"

म्हटलं, उस्तादांशिवाय कोण चालवणार. थंडोबाने चष्मा पुसला, पान्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता नवा पाना काढून दिला. चोराच्या मनात चांदणं. माल खरा असता तर भांडला असता की नाही?

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज स्क्रूड्रायव्हर. दांडा हातातल्या हातात फिरतो म्हणाले. काल ॲलन की होती. दोन्ही घेऊन गेले, दोन्ही बदलून मिळाली, तशीच मुकाट्याने.

हा काय प्रकार आहे ते मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं. पोलाद फार मऊ असेल तर पान्याचं तोंड फाकतं, फार कडक असेल तर काचेसारखं तुटतं. मधला कडकपणा साधला तर पाना पिढ्यान् पिढ्या टिकतो. घरच्या घरी ओळखायची सोपी रीत म्हणजे कानस फिरवून बघणं. मऊ पोलादाला कानस चावते, चांगल्यावरून घसरते. दुपारी संचातला एकेक पाना घेऊन बसले. कानस सगळ्यांवरून घसरली. म्हणजे पोलाद चांगलं आहे. मग दोष मापात असणार. माप घेतलं, तेही बरोबर. मग दोष अशा कुठल्या तरी जागी आहे जिथे माझी अक्कल पोचत नाही.

कोणी म्हणेल, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणू दे. इथे नाचणारा कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सकाळी उठल्यावर उस्ताद हात झटकत बसतात. मुंग्या येतात म्हणे, झोपेत अंगाखाली येतो. या वयात एका कुशीवर झोपू नका म्हटलं, तर बरं म्हणाले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आमच्यात जुंपली. मी टॉर्क रेंच काढून दिला. बोल्ट हवा तेवढा आवळला की हा 'टक' करतो, बस, तिथे थांबायचं. अंदाजाचं काम नको, पोरी उतारावरून येतात. उस्ताद म्हणाले, मला हे खेळणं नको, माझा हात हाच टॉर्क रेंच आहे. मी म्हटलं, एकदा चालवून तर बघा. त्यांनी लावला. ओढताना मध्येच हात सुटला, रेंच टाकीवर आदळला आणि पोचा पडला. म्हणाले, हासुद्धा खोटा आहे, टक करतच नाही.

रेंच घेऊन पुन्हा थंडोबाकडे. त्याने आडवा धरून दांड्याला वजन टांगलं. ठरलेल्या वजनाला बरोबर टक झालं. मलाही शिकवलं कसं तपासायचं ते. जाताना विचारलं, वहिनी, चाकं आणि ब्रेक तुम्ही का नाही करत? मला इतका राग आला. माझ्या नवऱ्याचं काम काढून मला देणारा हा कोण?

शनिवार, १ मार्च

गल्लीत सांगून टाकलं. सायकलवाला, पंक्चरवाला, पंपाचं काम करणारे दोघे भाऊ, सगळ्यांना. थंडोबाकडची हत्यारं घेऊ नका, वरून चकाकी आणि आत काही दम नाही. आमच्याकडे उस्तादांसारख्या माणसाच्या हातात टिकेनात, तुमच्याकडे काय टिकणार. पंपवाल्या भावांनी तर मागवलेला माल रद्द केला.

उस्तादांना सांगितलं तर ताटावरून उठले. म्हणाले, कशाला लोकांना सांगत फिरतेस. मी म्हटलं, खरं तेच सांगते. त्यांच्यासाठी जीव काढायचा आणि वर हे ऐकायचं.

हल्ली बाजारात जाताना गाडी मलाच चालवायला लावतात. उन्हाने डोळे दिपतात म्हणे. डोळे तपासून घ्या म्हटलं, तर त्यालाही बरं.

गुरुवार, ६ मार्च

परिचारिकांच्या पुढच्या खेपेच्या सगळ्या गाड्या झाल्या. ब्रेक, चाकं, सगळं उस्तादांनी एकट्याने केलं. मला जवळ येऊ दिलं नाही. दार लोटून आत होते, दिवसभर. संध्याकाळी शर्ट पिळून काढण्याइतका घाम. पण एकही पाना सरकला नाही म्हणाले. बघा, नवीन बदलून आणले त्याचा गुण आला.

मंगळवार, ११ मार्च

आज घाईने लिहितेय, अक्षर कसंही येईल.

भिंगरी नावाची एक मुलगी आहे वन्संच्या हाताखाली. भिंगरीसारखी गाडी पळवते म्हणून सगळ्या तिला तसं म्हणतात. दुपारी ती पायी आली, गाडी ढकलत. गुडघ्यावर पँट फाटलेली, एका बाजूला चिखल, चेहरा खडूसारखा. गाडी उभी केली आणि पायरीवर बसली. पाणी दिलं, तर ग्लास हातात धरून तशीच बसून राहिली.

मग सांगितलं. वरच्या वस्तीवरून उतरताना वळणावर पुढचा ब्रेक दाबला तर मूठ सरळ आत गेली. खालून खडखड आवाज. मागच्या ब्रेकवर जितकी आवरता आली तितकी आवरली आणि मग मुद्दाम गाडी दरीच्या उलट बाजूला, मातीच्या बांधावर घातली. औषधांची पेटी मात्र शाबूत आहे, असं ती दोनदा म्हणाली.

मी खाली वाकून पाहिलं. पुढच्या चाकापाशी ब्रेकचा जो भाग दोन बोल्टांवर बसतो, तो एकाच बोल्टावर लोंबत होता. दुसरा बोल्ट रस्त्यात कुठेतरी पडला असणार. राहिलेला मी चिमटीने फिरवला. नुसत्या बोटांनी फिरला.

गुरुवारी झालेली गाडी.

उस्ताद माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, पाना नीट बसत नव्हता. मी लगेच भिंगरीला सांगायला लागले की बघ, किती दिवस मी कंठशोष करतेय, हत्यारं खोटी दिलीत त्या माणसाने, आज तुझा जीव गेला असता. ती माझ्याकडे बघत राहिली.

अर्ध्या तासात वन्सं आल्या. सगळ्या मुलींना फोन करून होत्या तिथे गाड्या उभ्या करायला सांगितल्या होत्या. त्या ब्रेककडे त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. भावाकडे पाहिलं. म्हणाल्या, "एक बोल्ट घे आणि माझ्यासमोर आवळून दाखव."

उस्ताद म्हणाले, आत्ता नाही.

"आत्ताच. खिशातून हात काढ."

ते मागच्या दाराने निघून गेले. मग माझा तोल गेला. वन्संना नाही नाही ते बोलले. परक्या पोरीसमोर भावाला शाळेतल्या पोरासारखं उभं करायचं, त्याची काय अब्रू राहिली. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मला म्हणाल्या, तू त्याच्या अंगठ्याशेजारचं मांस बघितलंयस का कधी? आणि भिंगरीला घेऊन गेल्या.

काय बोलल्या ते मला कळलं नाही. उद्या सगळे पाने घेऊन थंडोबासमोर बसते. त्याच्याकडून कबूल करवून घेते आणि वन्संसमोर उभा करते.

बुधवार, १२ मार्च

जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

थंडोबाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी पाने काउंटरवर ओतले आणि भिंगरीचं सांगितलं. ऐकताना पहिल्यांदाच त्याचा चेहरा बदलला. खाली बसला. मग म्हणाला, आत या.

मागच्या खोलीत त्याचं स्वतःचं टेबल आहे. तो लोकांची यंत्रं दुरुस्त करतो तिथे. टेबलावर फडकं पसरलेलं आणि फडक्यावर मी परत केलेली सगळी हत्यारं. रिंग पाना, स्क्रूड्रायव्हर, ॲलन की. ग्रीसने माखलेली, रोजच्या वापरातली. एक पाना अजून एका पंपाच्या नटावर लटकत होता.

"वहिनी, यातलं एकही खोटं नव्हतं."

मग बदलून का दिलंस, मी विचारलं.

तो सांगायला लागला. संच घेताना उस्तादांनी उजव्या हातात घेतलेला प्रत्येक पाना करंगळीच्या बाजूने निसटत होता म्हणे. ते डाव्याने सावरत होते. त्याच्या वडिलांचा हात असाच गेला होता, म्हणून त्याला ते दिसलं. पहिला पाना घेऊन मी आले तेव्हाच त्याला समजलं की उस्तादांनी घरी सांगितलेलं नाही. मी पाना चांगला आहे म्हटलं असतं तर तुम्ही घरी जाऊन त्यांना काय विचारलं असतंत, असं त्याने मलाच विचारलं. नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला पडू, असं वाटलं त्याला.

मी म्हटलं, "तू पडला नाहीस म्हणून ती पोरगी पडली."

तो म्हणाला, "हो. ते माझ्याकडून चुकलं."

भांडायला गेले होते आणि भांडायला काही उरलं नाही. मी पाने पुन्हा पिशवीत भरले. त्याने मदत केली.

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. उस्ताद आत स्टुलावर बसले होते. मी त्यांचा उजवा हात ओढून उजेडात धरला. अंगठा आणि बोटाच्या मधली जागा खड्ड्यासारखी आत गेली होती. करंगळी आणि शेजारचं बोट वाकलेलं. रोज या हातात मी चहा देते.

ते म्हणाले, "पाने चांगले आहेत. हातालाच कळत नाही."

मग हळूहळू बोलले. बोल्ट आवळताना पाना कुठे थांबतो ते हाताला कळतं, म्हणाले. तिथून पुढे किती रेटायचं तेही कळतं. कोणी शिकवत नाही, हातच शिकतो. आता पाना थांबलाय की हात सुटलाय तेच समजत नाही. गुरुवारी दार लोटून एकेक बोल्ट दोन्ही हातांनी आवळला, कुठे डाव्याने, कुठे पाय लावून. सगळे नीट झाले असं वाटलं. "वाटलं" हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला.

कधीपासून, मी विचारलं. हिवाळ्यापासून. वन्संच्या गाड्या यायच्या आधीपासून.

हात गेला याचं वाईट मला नंतर वाटलं. आधी वाटलं ते वेगळंच. मी थंडोबाशी भांडत होते, गल्लीभर बदनामी करत होते, कानस घेऊन दुपारच्या दुपारी बसत होते आणि यांना सगळं माहीत होतं. मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, मला वेडी होऊ दिलंत.

ते म्हणाले, "तू माझ्या बाजूने भांडत होतीस. तेवढ्यापुरतं मलाही वाटायचं की पानाच खोटा असेल."

मी उठून शटर पूर्ण वर केलं. हिवाळ्यापासून इथून गेलेली प्रत्येक गाडी परत बोलवायची, मी म्हटलं. बोला, कोणाची गाडी कुठली. ते आठवून आठवून सांगत गेले आणि मी फोन लावत गेले. हात गेलाय पण गाडी एकही विसरलेले नाहीत.

गुरुवार, १३ मार्च

दिवसभर गाड्या येत होत्या. मी टॉर्क रेंच घेऊन एकेक बोल्ट तपासला. बरेचसे ठीक निघाले. काही सैल, काही इतके आवळलेले की आटे जायला आलेले. उस्ताद शेजारी उभे राहून पुढचा बोल्ट दाखवायचे. लोक विचारायचे, काय झालं, तर मी म्हणायचे, तपासणी आहे. उस्ताद म्हणायचे, माझी चूक आहे.

दुपारपर्यंत एक सोडून सगळ्या झाल्या. राहिला तो पार्सलवाला. लांबच्या गावांना सामान पोचवतो, मागच्या चाकाचं काम करून परवाच गेला होता. फोन बंद. घरी गेलो तर बायको म्हणाली, सकाळीच निघाले, मोठ्या रस्त्याने, मागे दोन मोठी खोकी बांधून. ती विचारायला लागली, काही झालंय का? उस्ताद म्हणाले, चाकाचा नट बघायचा राहिलाय. तिने आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा त्याला फोन लावायला लागली.

मी वन्संना फोन केला. परवाच्या भांडणानंतर पहिल्यांदा. त्यांनी मध्येच तोडून गाडीचा रंग आणि रस्ता विचारला. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दवाखान्यात माझ्या ओळखीचं कोणीतरी आहे, तुम्ही निघा, म्हणाल्या.

आम्ही निघालो. मी चालवत होते, उस्ताद मागे. मागच्या दांड्याला डाव्या हाताने धरून बसले होते आणि प्रत्येक उभ्या मोटरसायकलकडे मान वळवून बघत होते. ट्रक अंगावरून जात होते. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की रस्ता रिकामा असावा, म्हणजे कुठे गर्दी जमलेली दिसली तर लांबूनच दिसेल, आणि दिसू नये असंही वाटत होतं. एका वळणावर खरंच माणसं जमली होती. मी ब्रेक दाबला. बैलगाडीचं जू मोडलं होतं.

वन्संचा फोन आला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पुढच्या गावाच्या दवाखान्यातल्या शिपायाने त्याला फाटकापाशी अडवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पार्सलवाला झाडाखाली खोक्यांना टेकून बसला होता आणि जाम वैतागला होता. उशीर झाला, कोण तुम्ही मला थांबवणारे, म्हणाला. मी उत्तर न देता मागच्या चाकापाशी बसले. नट पूर्ण सैल होता. नटातून आरपार घातलेली एक वाकडी पिन असते, केवळ तिने तो अडवून धरला होता, आणि पिनेचा एक पाय तुटला होता.

मी त्याला ते दाखवलं. त्याने खोक्यांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी उकिडवा बसून नट बोटाने फिरवून पाहिला.

मी नट आवळला. टक झालं. नवी पिन उस्तादांच्या हातावर ठेवली, सवयीने. ती त्यांच्या बोटांतून मातीत पडली. पुन्हा उचलायला गेले, पुन्हा पडली. पार्सलवाला बघत होता. उस्तादांनी त्याला सरळ सांगितलं, माझ्या हाताला कळत नाही, तुमची गाडी मी सैल सोडली होती, यापुढे या करतील.



शुक्रवार, २१ मार्च

वन्संनी सगळ्या गाड्या पुन्हा कंपनीच्या वर्कशॉपला दिल्या. बरोबर केलं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. केंद्रात त्यांनाही उत्तर द्यावं लागलं म्हणे, भावाला काम का दिलं म्हणून. मला त्या हे बोलल्या नाहीत, भिंगरी बोलली.

आज गल्लीत फिरून थंडोबाबद्दल बोललेलं परत घेतलं. पेरायला एक दुपार लागली होती, उपटायला दिवस गेला. लोकांना वाईट लगेच पटतं, चांगल्याला पुरावा मागतात. पंपवाला थोरला भाऊ म्हणाला, परवा पोलादात दम नव्हता, आज कुठून आला? मी चाचरले. उस्तादांनी मागून पुढे होऊन हात त्याच्यासमोर धरला आणि म्हणाले, पोलाद तेच आहे, हा बघ.

थंडोबाकडेही गेलो. तो म्हणाला, चहा घेणार का? घेतला.

बुधवार, २ एप्रिल

कोपरापाशी नस दाबली गेली आहे. हातात काहीच बिघाड नाही, बिघाड कोपरात. वर्षानुवर्षं कोपर टेकवून, वाकवून काम, आणि झोपतानाही हात दुमडलेला. वन्संनी ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. बहीण म्हणून आल्या होत्या, त्यामुळे बसल्या. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेने नस मोकळी करू, पुढची झीज थांबेल. गेलं ते किती परत येईल ते सांगता येत नाही, उशीर केलात.

उशीर केलात, हे ते आम्हा दोघांकडे बघून म्हणाले. वन्सं खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, मलाही हिवाळ्यापासून शंका होती. तो टाळतोय म्हणून मी रुसून बसले. नर्स आहे मी. एवढंच म्हणाल्या आणि औषधं आणायला गेल्या.

सोमवार, १२ मे

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं. गॅरेज चालू आहे. काम कमी आहे, पण जे आहे ते मी करते. शिव्या खात शिकते. शस्त्रक्रियेनंतर कालपर्यंत उस्तादांचा हात गळ्यात होता, तोंड मात्र मोकळं. इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेटचा स्क्रू किती फिरवायचा ते स्टुलावरून सांगतात, आणि बरोबर सांगतात. परवा माझ्याकडून एका बोल्टाचे आटे गेले तेव्हा मी पाना बघत बसले होते. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझाच हात जास्त गेला. ते म्हणाले, असं लगेच सांगत जा.

आज सकाळी वन्सं आल्या. मागे भिंगरी, तीच गाडी घेऊन. वन्सं उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, सध्या एकच गाडी देतेय, आणि तीही मला विचारून नाही, ही स्वतः घेऊन आलीय. काम कोण करणार? मी म्हटलं, मी. आणि पहिली उतारावर घेऊन जाणार तीही मीच.

पुढचा ब्रेक सोडवला, साफ केला, बसवला. दोन्ही बोल्ट आवळले. टक, टक. वन्सं बघत होत्या. भिंगरी बघत नव्हती, दारातल्या मांजराशी खेळत होती, पण प्रत्येक टक झालं की तिचा हात थांबायचा.

मी गाडी बाहेर काढली. उस्ताद स्टुलावरून उठले आणि मागे बसले. हात नुकताच झोळीतून बाहेर काढलेला. वन्सं म्हणाल्या, तू कशाला? ते म्हणाले, तिने आवळलेत, मी बसायला नको का?

वरच्या वस्तीच्या रस्त्याने चढलो आणि तिथूनच वळलो. तोच उतार. बांधाची माती अजून खचलेली दिसते. वळणाच्या आधी मी पुढचा ब्रेक दाबला. गाडी जिथे हवी तिथे, जशी हवी तशी हळू झाली. पुन्हा सोडला, पुन्हा दाबला.

पहिल्या वळणावर उस्तादांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. आधाराला ठेवला की सहज, कळलं नाही. त्या बोटांना माझा खांदा लागत होता की नाही कोण जाणे. मी विचारलं नाही. उतार संपला, सपाट रस्ता आला, गॅरेज दिसायला लागलं, तरी त्यांनी तो काढला नाही.